जुन्या माउंटन बाइकला नवे पार्ट: काय बसतं, काय बसत नाही आणि कोणतं माप टिकेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दहा-बारा वर्षांची २६ इंची ॲल्युमिनियम हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल), मागे १३५ मिमीचा क्विक रिलीज (लिव्हरने सुटणारा) हब, पुढे सरळ स्टिअररचा (वरची नळी एकसारख्या जाडीची) १०० मिमी ट्रॅव्हलचा (दबण्याचं अंतर) फोर्क, ३ बाय ९ गिअर (पुढे तीन, मागे नऊ चकत्या), डिस्क ब्रेक आणि आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं बेअरिंग). फ्रेमला कुठे तडा नाही. हिच्यावर आजचे पार्ट बसतील का? नवी घ्यायची झाली तर कोणतं स्टँडर्ड पुढची काही वर्षं टिकेल? आणि सारखी बदलणारी ही मापं म्हणजे निव्वळ विक्रीची चाल आहे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं फ्रेमपाशीच सापडतात. सायकल पूर्ण उघडून फ्रेम स्टँडला लावली की तिच्यावर मोजून सहा जागा उरतात: हेड ट्यूबचा (फोर्क घुसतो ती पुढची नळी) आतला व्यास, बॉटम ब्रॅकेटचा शेल, मागच्या ड्रॉपआउटमधलं (चाक बसतं त्या खाचांमधलं) अंतर, डिरेलर हँगरची (चेन सरकवणारा डिरेलर लटकतो तो तुकडा) जागा, सीट ट्यूबचा व्यास आणि ब्रेक कॅलिपर बसतो ती बैठक. फुल सस्पेन्शन असेल तर सातवी, शॉकची लांबी. ही मापं कारखान्यात ठरली की कायमची. बाकीचं सगळं पान्याने सुटतं आणि बदलता येतं. मी इतकी वर्षं सायकली उघडतोय. नवं काही आलं की आधी एवढंच पाहतो की ते फ्रेममध्ये घुसणार आहे की फ्रेमवर लागणार आहे. हँडलबारचा व्यास चुकीचा निवडला तर एक बार आणि एक स्टेम (बार धरणारा तुकडा) वाया जातो. मागच्या एक्सलचं माप चुकीचं निवडलं तर फ्रेमच अडकते.

आधी तुमच्या सायकलबद्दल.

तुमच्याकडे सगळ्यात मोलाची गोष्ट आट्यांचा बॉटम ब्रॅकेट आहे. ७३ मिमीचा शेल आणि दोन्ही बाजूंनी पिळून बसणारे कप, चेनच्या बाजूला उलटे आटे. यात शिमानोचा २४ मिमी स्पिंडलचा (मधल्या दांड्याचा) क्रँक सहज बसतो, स्रॅमचा २०१८ पासूनचा डब क्रँकही बसतो, फक्त कप त्या त्या स्पिंडलचे घ्यायचे. हा आट्यांचा प्रकार आजही नव्या सायकलींवर आहे, उलट पुन्हा वाढतो आहे. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

गिअरचंही सोपं आहे. तुमच्या हबवर शिमानोची जुनी एचजी फ्रीहब बॉडी, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच (कॅसेट) चढतो ती नळी, असणार. तिच्यावर ११ दात्यांपेक्षा लहान चकती बसत नाही. म्हणूनच १० दात्यांच्या कॅसेटसाठी स्रॅमने २०१२ मध्ये एक्सडी आणि शिमानोने २०१८ मध्ये मायक्रो स्प्लाइन अशा वेगळ्या बॉडी आणल्या. तुम्हाला त्यांच्या मागे जायची गरज नाही. शिमानोची लिंकग्लाइड मालिका एचजी बॉडीवरच बसते, ११ स्पीड आणि ११-५० कॅसेटसह. दाते जाडसर आहेत आणि आयुष्य तिप्पट, असं शिमानो सांगते. तिप्पटचा हिशोब माझ्याकडे नाही, पण गिअर बदलताना ती कॅसेट चेनला ज्या नरमाईने उचलते ते मला मनापासून आवडतं. शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट तिन्ही लिंकग्लाइडचेच घ्या. १२ स्पीडच्या हायपरग्लाइड प्लस पार्टशी त्यांची सरमिसळ चालत नाही.

तीन चेनरिंग (पुढच्या चकत्या) सोडताना चढाचा गिअर जाईल अशी भीती सगळ्यांना असते. हिशोब करून पाहा. जुन्या २२/३२/४४ आणि ११-३४ मध्ये सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३४, म्हणजे ०.६५. एकाच ३० च्या चेनरिंगवर आणि ५० च्या चकतीवर तो ०.६० येतो. चढ उलट सोपा होतो. गमावता ते दुसऱ्या टोकाला: ४४ भागिले ११ म्हणजे ४, आणि ३० भागिले ११ म्हणजे २.७३. सपाट डांबरी रस्त्यावर जोरात हाणायची सवय असेल तर ते जाणवेल. ट्रेलवर कधीच नाही. चेनरिंग मात्र एक दाता जाड, एक दाता बारीक असलेलीच घ्या. पुढचा डिरेलर काढल्यावर चेन जागेवर धरायचं काम तीच करते.

एक सूचना मनापासून. ॲल्युमिनियमच्या फ्रीहब बॉडीवर सुट्या चकत्यांची स्वस्त कॅसेट चढवू नका. स्टीलच्या पातळ चकत्या बॉडीच्या कडांमध्ये रुततात. एका सीझननंतर कॅसेट काढायला गेलो तर ती निघत नाही, चकती एकेक करून मागे ठोकावी लागते आणि बॉडीवर करवत फिरवल्यासारख्या खाचा दिसतात. मोठ्या चकत्या एकाच ॲल्युमिनियम स्पायडरवर बसवलेली कॅसेट घेतली की हा त्रास संपतो.

ब्रेकची काळजी करू नका. कॅलिपरची बैठक आयएस असो वा पोस्ट माउंट, ॲडॅप्टर लावून आजचा चार पिस्टनचा ब्रेक बसतो. सहा बोल्टचा रोटरही अजून तोच आहे. फ्रेमला जास्तीत जास्त किती मिमीचा रोटर चालतो तेवढं पाहा. आणि डॉट फ्लुइडच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल किंवा उलट कधीही टाकू नका: सील फुगतात, पिस्टन अडकतात आणि लिव्हर सोडला तरी पॅड रोटरला घासत राहतात.

खरी अडचण आहे ती चाकं आणि फोर्कची. २६ इंची चांगले टायर अजून मिळतात, पण निवड दर वर्षी आकसते आहे. तुमच्याकडे डिस्क ब्रेक असल्यामुळे रिमचा आकार बदलणं शक्य आहे, कारण ब्रेक रिमवर अवलंबून नाही. २६ च्या रिमवर टायर बसतो तो व्यास ५५९ मिमी, २७.५ चा ५८४, म्हणजे त्रिज्येत फक्त साडेबारा मिमीचा फरक. पुढे २७.५ चं चाक बऱ्याचदा जुन्याच फोर्कमध्ये मावतं, पण फोर्क पूर्ण दाबून टायर क्राउनला, म्हणजे फोर्कच्या वरच्या जोडाला, लागत नाही ना हे पाहिल्याशिवाय ट्रेलवर उतरू नका. हवा सोडा, फोर्क तळाला टेकवा, टायर आणि क्राउनमध्ये बोट सरकतंय का बघा. मागे चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) आडव्या पुलापाशी जागा कमी असते, तिथे बहुतेक फ्रेम नकार देतात.

हब नवा घेणार असाल तर १३५ क्विक रिलीज आणि १४२ थ्रू एक्सल (आरपार जाणारा दांडा) असा दोन्हीकडे चालणारा घ्या. हे शक्य होतं कारण १४२ म्हणजे १३५ चाच हब आहे. दोन्ही बाजूंना साडेतीन मिमीची टोपी वाढवली, म्हणजे चाक ड्रॉपआउटच्या खाचेत आपोआप बसावं. रोटर आणि कॅसेट जागची हललेली नाहीत. टोप्या बदलल्या की झालं. नवं माप आणताना जुन्यालाही जागा ठेवणारा बदल असा असतो, आणि म्हणूनच मला तो आवडतो.

मागच्या हबच्या १४८ मिमी मापाने, म्हणजे बूस्टने, ते केलं नाही. ट्रेकने २०१४ मध्ये स्रॅमच्या साथीने तो आणला. कारण खरं होतं. २९ इंची चाकाचे स्पोक लांब असतात आणि हबपासून रिमकडे जाताना जास्त उभे राहतात, त्यामुळे चाक आडव्या जोराला लवतं. हबच्या दोन्ही फ्लँज (स्पोक अडकतात त्या कडा) तीन-तीन मिमी बाहेर नेल्या की स्पोक थोडे पसरतात आणि चाक ताठ होतं. चेनलाइनही (चेन धावते ती रेषा) तीन मिमी बाहेर गेली, त्यामुळे चेनस्टेपाशी रुंद टायरला जागा झाली. हे सगळं मी चाकं बांधताना हाताने अनुभवलं आहे. फरक आहे, पण थोडा आहे. आणि डाउनहिल सायकलींवर १५० आणि १५७ ची रुंदी आधीपासून होती. एकदाच मोठी उडी मारली असती तर मधल्या काळातल्या कितीतरी चांगल्या फ्रेम आणि चाकं एकमेकांना पारखी झाली नसती. याचं मला आजही वाईट वाटतं.

ज्यांच्याकडे १४२ चं चांगलं चाक आणि १४८ ची फ्रेम आहे त्यांच्यासाठी: दोन्हीकडे तीन-तीन मिमी देणाऱ्या किटपेक्षा सहाच्या सहा मिमी रोटरच्या बाजूला देणारं किट घ्या. रोटरखाली सहा मिमीचा स्पेसर येतो, कॅसेट हँगरच्या हिशोबाने अचूक जागी राहते, आणि रिम रोटरच्या बाजूला तीन मिमी ओढावी लागते. ही ओढणी फायद्याचीच आहे. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक नेहमी जास्त ताणलेले आणि रोटरच्या बाजूचे सैल असतात. रिम सरकवली की दोन्हीतलं अंतर कमी होतं. डाव्या बाजूचे निपल पाव पाव फेरा घट्ट, उजव्या बाजूचे तेवढेच सैल, असं चार-पाच वेळा चाकभर फिरायचं, मग आऊट काढायचा. असं बांधलेलं चाक मूळ चाकापेक्षा जास्त दिवस सरळ राहिलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या १३५ च्या फ्रेमला मात्र बूस्ट हब कोणत्याही किटने बसत नाही. फ्रेम ताणून बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ॲल्युमिनियम तो ताण सहन करत नाही.

आता दुसरा प्रश्न, नवी घेताना काय पाहायचं.

माझ्या यादीत सगळ्यात वर हँगर आहे. यूडीएच, म्हणजे त्यासाठी बनवलेल्या सगळ्या फ्रेमना चालणारा एकच हँगर, स्रॅमने २०१९ मध्ये आणला आणि इतर कंपन्यांनाही वापरू दिला. त्याआधी काय होतं ते वर्कशॉपमध्ये उभं राहिलेल्यालाच कळेल. माझ्या खणात छोट्या पिशव्यांमधून शंभरेक हँगर होते. चेन स्पोकमध्ये जाऊन हँगर तुटलेली सायकल आली की तो तुकडा हातात धरून एकेक पिशवी उघडायची. भोकं जुळायची, जाडी जुळायची, आणि शेवटी कळायचं की मागच्या बाजूची गोलाई एका मिमीने वेगळी आहे. बोटभर तुकड्यापायी अख्खी सायकल पंधरा-पंधरा दिवस भिंतीला टेकून राहायची. आता खणात दोन यूडीएच ठेवले की बहुतेक नव्या सायकलींचं काम भागतं. शिवाय डिरेलर दगडावर आदळला तर हा हँगर मागे फिरतो, त्यामुळे तुटण्याची पाळी कमी येते.

स्रॅमचा दुसरा हेतू २०२३ मध्ये दिसला. ट्रान्समिशन नावाची त्यांची गिअर व्यवस्था हँगर काढून टाकते आणि डिरेलर थेट एक्सलभोवती फ्रेमला धरतो. हे फक्त यूडीएचच्या जागेवरच शक्य आहे. म्हणजे चार वर्षं आधी फ्रेममध्ये जागा तयार करून ठेवली आणि मग तिच्यात बसणारी वस्तू आणली. मला यात गैर दिसत नाही, कारण त्या जागेवर साधा हँगर लावून शिमानोचा केबलचा डिरेलरही तितकाच छान चालतो. फ्रेमने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. नवी फ्रेम घेताना १४८ आणि यूडीएच ही जोडी असेल तर मागच्या बाजूची चिंता सोडा.

दुसरी गोष्ट बॉटम ब्रॅकेट. इथे मी हट्टी आहे: आट्यांचाच घ्या. प्रेसफिट (आट्यांऐवजी दाबून बसवलेला बॉटम ब्रॅकेट) येण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ९२ मिमी रुंद शेलमुळे डाउन ट्यूब आणि चेनस्टे तिथे रुंद जोडता येतात, कार्बनमध्ये आटे कापलेली धातूची नळी बसवावी लागत नाही, वजन वाचतं. सोय बनवणाऱ्याची झाली, आणि किंमत चालवणाऱ्याने करकर आवाजात मोजली. प्रेसफिटमध्ये बेअरिंग ताठ बसणं पूर्णपणे भोकाच्या अचूकतेवर अवलंबून आहे. एका कार्बन फ्रेमवर मालकाने दोन वेळा नवे कप टाकून घेतले होते, तरी प्रत्येक पेडलला टक्‌ असा आवाज. मी कप काढून बोअर गेजने भोक मोजलं. माप ४१ मिमी असायला हवं. आडवं मोजल्यावर ४१.०२ आलं, उभं मोजल्यावर ४१.११. भोक गोल नव्हतंच, आणि प्लास्टिकचा कप दर पेडलला त्या नऊ शतांश मिमीत हलत होता. असा दोष नवा कप टाकून जात नाही. दोन्ही कप एकमेकांत आट्यांनी पिळले जाणारा बॉटम ब्रॅकेट मिळतो, तो बसवला आणि आवाज गेला. तुमच्या ओळखीत कोणाची प्रेसफिट सायकल करकरत असेल तर त्यांना हा मार्ग सांगा. पण त्याआधी पेडलचे आटे, चेनरिंगचे बोल्ट, सीट पोस्ट, हँगरचा बोल्ट आणि मागचा एक्सल साफ करून ग्रीस लावून पाहायला सांगा. बॉटम ब्रॅकेटच्या नावावर खपणारे निम्मे आवाज तिथले असतात.

सांताक्रूझसारख्या कंपन्यांनी बहुतेक माउंटन बाइकवर आटे कायम ठेवले, आणि सोडलेल्यांपैकी बरेच जण परत आले. जाड स्पिंडलसाठी मोठं भोक हवं म्हणून २०१५ मध्ये क्रिस किंग आणि अर्गोनॉट यांनी टी४७ आणला, तोही आट्यांचाच. माउंटन बाइकवर जुना ७३ मिमीचा शेल पुरतो.

तिसरी गोष्ट, हेडसेटमधून आत जाणाऱ्या केबल. ज्या फ्रेममध्ये ब्रेकची नळी हेडसेटच्या वरच्या झाकणातून बेअरिंगच्या मधून खाली उतरते ती फ्रेम माझ्या मते घेऊ नये. वरचं बेअरिंग ही घिसणारी, स्वस्त वस्तू आहे. ते बदलायला दहा मिनिटं लागायला हवीत. या रचनेत ब्रेकची नळी कापावी लागते, नवं ऑलिव्ह (नळीच्या टोकाचं छोटं कडं) टाकावं लागतं, हवा काढावी लागते. शिवाय नळीच्या भोकातून पाणी आणि बारीक माती थेट बेअरिंगवर उतरते. चालवणाऱ्याला यातून काहीही मिळत नाही. नळ्या आत हव्याच असतील तर हेड ट्यूबच्या बाजूने भोक आणि आत टोकापर्यंत बंद नळी असलेली फ्रेम निवडा. आणि डिरेलरच्या केबलसाठी भोक आहे ना हेही पाहा. काही नव्या फ्रेम फक्त वायरलेससाठीच बनतात.

वायरलेस गिअर उत्तम चालतात, चिखलात केबल जड होण्याचा प्रश्न राहत नाही. पण ते बोल्टने लागतात, पुढे कधीही लावता येतील. ३५ मिमीचा हँडलबार मला ताठ वाटतो, मनगटं दुखतात, ३१.८ वर राहा. फुल सस्पेन्शन जुनी घेत असाल तर शॉक २०१६ नंतरच्या मेट्रिक मापाचा आहे ना ते पाहा, कारण आधीच्या मापांचे नवे शॉक कमी बनतात.

तिसरा प्रश्न, ही चाल आहे का. काही बदल आहेत, काही नाहीत, आणि हे ठरवताना जुन्या मापांना पवित्र समजू नये. २६ इंच कोणी प्रयोग करून निवडलं नव्हतं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर रिपॅकची शर्यत सुरू झाली तेव्हा मुलांच्या हाती जुन्या अमेरिकन क्रूझर होत्या, आणि त्यांना जाड टायरची २६ इंची चाकं होती. मागचा कोस्टर ब्रेक (पेडल उलटं दाबून लागणारा) उताराने इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा भरावा लागायचा, म्हणून रिपॅक, म्हणजे पुन्हा भरणं, हे नाव. हाताशी होतं ते माप झालं. २९ म्हणजे रस्त्यावरच्या ७००सी सायकलचीच ६२२ मिमी रिम, आणि ते चाक दगडांवरून जास्त सहज जातं हे मान्य करायला सगळ्यांनाच वेळ लागला. २७.५ हे मधोमध आहे असं नाव सुचवतं, पण ते २६ पेक्षा २५ मिमी मोठं आणि २९ पेक्षा ३८ मिमी लहान आहे.

या काळातला सगळ्यात मोठा बदल कोणत्याच पार्टच्या डब्यावर लिहिलेला नसतो. तो म्हणजे भूमिती. तुमच्या सायकलचा हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) ७० अंशांच्या आसपास असेल, सीट अँगल (सीट ट्यूबचा कल) ७३ आणि स्टेम ९० मिमी. आजच्या ट्रेल बाइकवर हेड अँगल ६४ ते ६६, सीट अँगल ७६ ते ७८, स्टेम ४० ते ५०. फ्रेम लांब झाली आणि स्टेम आखूड. पुढचं चाक पुढे गेल्यामुळे तीव्र उतारावर हँडलवरून फेकलं जाण्याची भीती जाते. सीट पेडलच्या वर आल्यामुळे चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. हे बोल्टने लागत नाही. तुमच्या फ्रेमवर ५० चा स्टेम लावला तर हात चाळीस मिमी जवळ येतात, पण फ्रेम तेवढी लांब होत नाही, आणि बसून चालवताना गुडघे हँडलच्या फार जवळ येतात. ७० चा स्टेम आणि ७४० चा बार हा तिच्यासाठी बरा मध्य आहे.

म्हणून माझं मत असं: चांगले ट्यूबलेस टायर, ब्रेक, लिंकग्लाइड गिअर आणि सीट ट्यूबच्या मापाचा ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करणारा पोस्ट), एवढा खर्च या फ्रेमवर बिनधास्त करा. फोर्कवर खर्च करण्याआधी व्हर्नियर घ्या, हेडसेटचे कप काढा आणि हेड ट्यूबचा आतला व्यास मोजा. ४४ मिमी आला तर खालचा कप बाहेरून बसणारा घेऊन आजचा टेपर (खाली जाड होत जाणाऱ्या) स्टिअररचा फोर्क लागतो. पुढचा भाग साधारण १२ मिमी उंच होईल आणि हेड अँगल अर्ध्या अंशाने उतरेल, जे तुमच्या सायकलला हवंच आहे. तेव्हा ट्रॅव्हल १०० किंवा फार तर १२० ठेवा. ३४ मिमी आला तर टेपर फोर्क बसणार नाही. सरळ स्टिअररचे चांगले नवे फोर्क मोजकेच उरले आहेत, त्यांच्या शोधात पैसे घालवण्यापेक्षा आहे त्याच फोर्कचे सील आणि तेल बदलून घ्या आणि तो पैसा १४८, यूडीएच आणि आट्यांच्या बॉटम ब्रॅकेटच्या पुढच्या फ्रेमसाठी बाजूला ठेवा.